साजटोल्याच्या छपरीत आलेला समुद्र

समुद्राकाठच्या बाईने पुराची तयारी शिकायला समुद्रापासून तीनशे कोस आत जावं, याचं आमच्या गावात बऱ्याच जणांना हसू आलं. आमच्या बांधाचे पंच भिवातात्या मला लाँचवर बसवायला आले होते. ते म्हणाले, "बाय, त्या मुलखाच्या लोकांनी भरती तरी पायली हाय का कंदी?"

नव्हती पाहिली. पण फुटलेलं पाणी त्यांनी पाहिलं होतं, आणि आमच्या गावावर ती वेळ अजून यायची होती.

आमचं काळेखार खाडीच्या ओटीत बसलेलं आहे. भरतीचं पाणी चढतं तेव्हा आमची शेतं त्याच्या पातळीखाली असतात. मध्ये उभा असतो तो मातीचा लांबलचक बांध. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो. तो फुटला की म्हणायचं, खांड गेली. मागच्या आश्विनात पलीकडच्या तीरावरच्या गावाला खांड गेली. आमच्या बांधावर उभं राहून आम्ही महिनाभर बघत होतो. समुद्र त्यांच्या ओट्यांवर चढे आणि उतरे. दिवाळीपर्यंत निम्मं गाव मुंबईला गेलं ते परत आलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे सभा झाली. बांध किती मजबूत आहे यावर सगळे बोलले. मी गावची शिक्षिका. मी एवढंच विचारलं, "आणि खांड गेलीच, तर शाळेतली मुलं घेऊन मी जायचं कुठे?" असं अभद्र बोलू नये, दोघांनी मला बजावलं.

माझा धाकटा भाऊ वसंता ओव्हरसियर. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आल्यावर त्याची बदली एकदम तिकडच्या टोकाला, आमगावला झाली. मी त्याला सभेची हकिकत लिहिली. त्याचं उलट पत्र आलं: "ताई, इथे प्रत्येक गावाच्या डोक्यावर एक तलाव आहे. पूर्वी मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, तलावाची पाळ म्हणजे बांध सांभाळायचा. मालगुजारी गेली, आणि इथल्या एका गावाने कोणाची वाट न पाहता ते काम स्वतःकडे घेतलं. गणपतीच्या सुट्टीला जोडून रजा काढ आणि ये."

मी रजा काढली.

गोंदिया

गाडीतून उतरले तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो विडीच्या तंबाखूचा वास. आमच्या बंदराला सुकटीचा वास असतो तसा हा त्या गावाचा वास. फलाटावर सगळे हिंदीच बोलत होते. मी शाळेत मुलांना हिंदीचे धडे देते, पण हमालाने "बाईजी, किधर जाना?" म्हटल्यावर भाऊ न्यायला येणार असल्याचं माझ्या तोंडून निघालं ते मराठी क्रियापद लावून. तो हसला आणि माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत म्हणाला, "भाऊ तिकडे उभे आहेत जी."

वसंता वर्षभरात वाळला होता. दुसऱ्या गाडीने आम्ही आमगावला गेलो. त्याच्या बिऱ्हाडी शेजारच्या बाईंनी जेवण तयार ठेवलं होतं. ताट वाढताना त्या म्हणाल्या, "भाजीवर सांबार टाकू का जी जास्त?"

मी ताट मागे ओढलं. देवरीकडचं जंगल जवळ आहे हे मला ठाऊक होतं; पण पाहुणीला पहिल्याच दिवशी हरणाचं मटण? मासे मी आनंदाने खाते, पण हे जमणार नव्हतं. "नको, मला चालत नाही," मी म्हटलं. बाई गोंधळून वसंताकडे बघू लागल्या, आणि वसंता इतका हसला की त्याला ठसका लागला. सांबार म्हणजे कोथिंबीर! तीन दिवस आमगावात जो भेटेल तो मला विचारत होता, "बाई, सांबार चालते का नाही मंग?"

साजटोला

आमगावपासून वसंताने रेंगी केली होती. रेंगी म्हणजे हलकी बैलगाडी. दोन्ही अंगांना धानाची शेतं, इतकी हिरवी की डोळे निवतात. आमच्या खाचरांसारखीच, पण वाऱ्याला मीठ नाही. एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सारसांची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच. गाडीवानाने बैल थांबवले. "जोडीतला एक मेला त दुसरा जेवत नाई," तो म्हणाला आणि जोडी उडेपर्यंत गाडी हाकली नाही.

साजटोला म्हणजे चाळीसेक घरं. घरांच्या वर, जणू गावाच्या उशाशी, तलावाची पाळ. तिच्यावर मोहाची आणि जांभळीची झाडं. मी तिच्यावर चढले. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली कौलं. पाणी कौलांपेक्षा वर होतं. हे चित्र माझ्या ओळखीचं होतं.

पाळीवर सोनबाजी भेटले. साठीचे असतील, हातात काठी, डोक्याला मुंडासं. रोज सकाळी ते पाळीचा पायथा चालत पाहतात. वाटेत मुंग्यांचं वारूळ, उंदराचं बीळ, खेकड्याचं भोक दिसलं की तिथे काठी रोवतात.

"आमच्याकडेही बांध खेकडेच पोखरतात," मी म्हटलं.

"खेकडा सगळीकडे एकच," ते म्हणाले. "बाई, एक ध्यानात ठेवा. पारीतून पानी पाझरते त पाझरू द्या. साफ असंल त भेव नाई. गढूर झालं त धावा."

गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून वाहून चालली. हे आमच्या भिवातात्यांनाही ठाऊक आहे. पण धावायचं म्हणजे कोणी कुठे धावायचं, हे साजटोल्यात ठरलेलं होतं. सोनबाजी तरुण असताना एकदा पाळ फुटली होती. त्यात त्यांची धाकटी बहीण गेली. मालगुजाराची माणसं दुसऱ्या दिवशी आली. मालगुजारी गेली तेव्हा गावातले लोक म्हणाले, आता पाळ सरकारची. सोनबाजींनी विचारलं, "पानी कोनाच्या घरात येईल? सरकारच्या का आपल्या?" तेव्हापासून प्रत्येक घराला पाळीचा एक तुकडा नेमून दिला आहे. धोका दिसला की डफ वाजवायचा. खालच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायांनी पोरंबाळं आणि बियाण्याचं धान्य घेऊन मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, टेकडीवर जायचं. गुरांची दावी सोडायची, बांधून कोणी ठेवायची नाहीत.

छपरीत

दुपारी सोनबाजींच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, पाच-सहा बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या. सोनबाजींची बायको भागरथाबाई त्यांची म्होरकी. बारीक अंगाची, तोंडाने फटकळ. मी समुद्राजवळची आहे हे कळताच तिने सूप खाली ठेवलं.

"बाई, समुद्र मनजे आपल्या तलावाएवढा का मोठा जी?"

मी सांगायचा प्रयत्न केला. दुसरा काठ दिसत नाही म्हटल्यावर एक जण म्हणाली, "मंग त्याले पार कोन बांधते?" पार म्हणजे पाळ. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "त्याला बांधता येत नाही. आम्ही स्वतःभोवती बांधतो."

"अना फुटलं त का करता?"

पुन्हा तोच प्रश्न. आमच्या सभेत मी विचारला होता, इथे मला विचारला गेला. भागरथाबाईने सुपातला कोंडा जमिनीवर पसरला आणि म्हणाली, "दाखव तुझं गाव."

मी बोटाने कोंड्यात खाडी काढली. बाहेरकाठा काढला, शेतं, घरं, विहीर, शाळा, आणि मागे खडपावर, म्हणजे खडकाळ उंचवट्यावर, देवीचं देऊळ. भागरथाबाईने बांधावर एका जागी बोट ठेवून तो पुसला. "फुटला. आता सांग, पैले कोठं पानी?"

"शेतात. मग खालच्या आळीत. मग शाळेत."

"किती येरात?"

मी हिशेब केला. भरती चढती असेल तर पानसुपारी खाऊन होईपर्यंत. "पोरं किती शाळेत? खडप किती लांब? म्हातारे कोन नेते?" प्रश्न सटासट येत होते. मी उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तर देताना मला कळत होतं की हे मी आत्ताच ठरवते आहे. पोरांना बांधावरून न्यायचं नाही, मागच्या वाटेने न्यायचं. होड्या खाडीत नांगरून काही उपयोग नाही. एक तरी गावाच्या आतल्या बाजूला हवी. बाया आपापसांत भांडू लागल्या. एक म्हणे आधी धान्य, दुसरी म्हणे आधी म्हाताऱ्या. ज्या बायांनी समुद्र पाहिला नव्हता त्या माझ्या गावाला वाचवायला भांडत होत्या.

"मंग पानी उतरलं का घरी," एक जण सुटकेने म्हणाली.

"उतरतं," मी म्हटलं. "सहा तासांनी उतरतं. पण पुढच्या सहा तासांत परत चढतं."

"रोज?" भागरथाबाईने विचारलं.

"रोज. दोन वेळा. खांड बुजवेपर्यंत."

"मनजे तुमचा तलाव रोज दोनदा फुटते!" तिने कपाळाला हात लावला. मग कोंड्यातल्या माझ्या विहिरीवर बोट टेकवून ती म्हणाली, "अना हे पानी खारं. मंग तुमी खडपावर बसून पेता का?"

आमच्या सभेत बांधाची माती, दगड, पेंढा, सगळ्यांवर बोलणं झालं होतं. प्यायच्या पाण्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. विहीर एकदा खारी झाली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत खारीच. पलीकडच्या गावातले लोक मुंबईला गेले ते शेतांमुळे, असं आम्ही धरून चाललो होतो. आत्ता मला आठवलं, पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बाया होडीने आमच्याकडे हंडे घेऊन आल्या होत्या.

"रांजण," भागरथाबाई म्हणाली. "खडपावर रांजण पुरा. आधी पानी वर न्या, मंग मानसं."

मी वही काढून ते लिहून घेतलं.

पाळीवर

साजटोल्यातल्या तिसऱ्या दिवशी देवरीच्या बाजूने आभाळ भरून आलं आणि रात्रभर कोसळलं. सकाळी तलाव काठोकाठ होता. वसंता पाऊस मोजायला आला होता तो तिथेच अडकला. मी भागरथाबाईच्या चुलीपाशी हात शेकत होते. तेवढ्यात डफ वाजला. थांबून थांबून नाही, सलग.

मी पाहिलं ते असं. कोणी ओरडलं नाही. भागरथाबाईने चुलीवरची हंडी उतरवली, आगीवर पाणी ओतलं, कोपऱ्यातलं बियाण्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "तू मास्तरीन. टेकडीवर मानसं मोज. घराघराची नावं मी सांगतो." दारात गुरं आधीच सुटून चालली होती.

वाटेत पाळीचा पायथा दिसला. तिथून मनगटाएवढी धार येत होती, चहासारखी गढूळ. आम्ही पाळीवर चढलो. वरच्या अंगाला माणसं पाण्यात डोकावत होती. पाणी नेमकं कुठून आत शिरतंय ते सापडत नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी पाण्यावर कोंडा टाकतात; जिथे तो भोवऱ्यात फिरतो तिथे भोक. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर भागरथाबाईने शेजारणीच्या सुपातला कोंडा पाण्यावर उधळलाही होता. कोंडा तरंगत गेला, थबकला आणि गोल फिरू लागला.

"तेथी!" सोनबाजी ओरडले.

डोमा ढिवर तलावात मासे धरायचा. त्याने कमरेला दोर बांधला, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, आणि चिकणमातीचा गोळा छातीशी धरला आणि बुडी मारली. वसंताने दोर धरला. दुसरीकडे सोनबाजी आणि चार जण सांडवा रुंद करायला कुदळी घेऊन धावले. तिथून सुटलेलं पाणी सोनबाजींच्याच धानातून जाणार होतं. त्यांनी पहिली कुदळ स्वतः मारली.

मला पुढचं पाहता आलं नाही, कारण माझं काम टेकडीवर होतं. मातामायपाशी बाया, पोरं, म्हातारे चिखलात बसले होते. भागरथाबाई नाव घेई, मी माणसं मोजी. दोनदा मोजलं. एक कमी.

"लहानूजी," कोणीतरी म्हणालं.

लहानूजी म्हणजे सोनबाजींचे थोरले भाऊ. कानाने ठार बहिरे. सकाळीच खालच्या बांधीत निंदायला गेले होते. डफ त्यांना ऐकू जाणार कसा? हे एवढ्या वर्षांत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही दोघी धावलो. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. लहानूजी पन्नास पावलांवर होते, पाठ आमच्याकडे, वाकून शांतपणे तण उपटत. भागरथाबाई त्यांच्यामागे जाऊन थबकली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला. ते तिचे भासरे, नवऱ्याचा थोरला भाऊ. तिकडे बाई भासऱ्याचं नाव घेत नाही, समोर उभी राहत नाही, सावलीलाही शिवत नाही. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

ती क्षणभरच थांबली असेल. मग तिने त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. म्हातारा वळला, भावजयीने हात धरलेला पाहून त्याचे डोळे विस्फारले. तिने पाळीकडे बोट दाखवलं. मग तोच आम्हा दोघींना ओढत टेकडीकडे निघाला.

वाटेत आम्ही पाळीपाशी पोचलो तेव्हा वर माणसं दोर खेचत होती. डोमा तिसऱ्यांदा खाली गेला होता आणि वर येत नव्हता. भोकाने त्याचा हात ओढून धरला होता. वसंता नंतर म्हणाला, मी आयुष्यात तेवढा जोर कधी लावला नाही. डोमा वर आला तो ओठ निळे पडलेला, खांद्यापासून कोपरापर्यंत सोलवटलेला. श्वास मिळाल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "बसला गोरा." गोळा भोकात बसला होता.

धार बारीक झाली. मग, पायथ्याशी उकिडवे बसलेले सोनबाजी ओंजळीत पाणी धरून म्हणाले, "साफ आहे."

त्यांच्या धानावर मुरूम पसरला होता. ते एकदाच तिकडे पाहून वळले.

दुपारी मातामायपाशीच जेवणं झाली. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि डोमाच्या घरून आलेले मासे. गोड्या पाण्यातला मासा मला नेहमी बेचव वाटतो. त्या दिवशी मी दोनदा मागून घेतला. जेवता जेवताच सभा झाली. कोणी कोणाची पाठ थोपटली नाही. सोनबाजी म्हणाले, "डफ चुकला. जो आयकत नाई त्याच्या घरी शेजाऱ्यानं जाचं. कोन जाईल ते आजच बोला." शेजारी ठरला. मग भागरथाबाई दुसरीकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अना पानी येऊन राहिलं त भासरा नाई, सासरा नाई. हात धरून ओढाचा." म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. लहानूजींना काय चाललंय ते सोनबाजींनी खुणांनी सांगितलं. ते मोठ्याने, बहिऱ्या माणसासारखे ओरडून म्हणाले, "बराबर आहे!"

निघताना मी भागरथाबाईला समुद्र पाहायला ये म्हटलं. "नाई वं," ती म्हणाली. "मले आपला एकच पुरते."

काळेखार

घरी आल्यावर पंधरा दिवस मी दारोदार फिरले. भिवातात्यांचं म्हणणं, बांध धड आहे तोवर पळायची तालीम करणं म्हणजे समुद्राला आवतण देणं. मी वाद घातला नाही. शाळेच्या अंगणात मी कोंडा पसरला आणि त्यांना म्हटलं, "तात्या, तुमचं घर दाखवा." त्यांनी दाखवलं. मी बांध पुसला. "आता नातवंडं कुठून नेता?" त्यांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, परत पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी खडपावरच्या देवळामागे चार रांजण पुरायला जी माणसं आली, त्यांच्यात तात्या होते. बायांनी पाणी भरलं. कोळ्यांनी एक होडी शाळेमागच्या ओहोळात आणून बांधली. गावातले बहिरे, आंधळे, अंथरुणाला खिळलेले अशी यादी मुलांनी केली आणि प्रत्येकासमोर एकेका घराचं नाव लिहिलं.

आश्विनातल्या पौर्णिमेच्या उधाणाला, भर दुपारी, आम्ही तालीम घेतली. बाहेरकाठा शाबूत होता. पाणी त्याच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं होतं. शाळेची घंटा सलग वाजली. काही जण हसत निघाले, काही रागावून. एक गाय भलत्याच परसात शिरली. खालच्या आळीतले लोक मागची वाट सोडून सवयीने बांधाकडेच धावले, त्यांना परत वळवावं लागलं. पहिल्या मोजणीत तिघं कमी भरले, दुसऱ्या मोजणीत सगळे. उन्हात घामाघूम झालेलं अख्खं गाव खडपावर उभं राहून खाली आपल्या घरांकडे बघत होतं.

सगळ्यांत शेवटी वर आली ती धर्माआजी. गावातली सर्वांत म्हातारी. तीन वर्षांत घराबाहेर पडली नव्हती. चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. खुर्ची टेकवल्यावर तिने आधी समुद्राकडे पाहिलं, मग देवीला हात जोडले आणि मग त्या चौघांकडे वळून म्हणाली, "लय उशीर केलात रं. पुढच्या पुनवेला पयली मना आना."

भिवातात्या पुढे झाले आणि मुलांच्या हातातली यादी घेऊन तिचं नाव सर्वांत वर लिहिलं.